ठेंगूचं नवं स्टीअरिंग

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आप्पांनी ठेंगू ट्रॅक्टरचं स्टीअरिंग उजवीकडे वळवलं आणि ठेंगू डावीकडे गेला.

शेडच्या दारापासून पाण्याची टाकी अकरा पावलांवर आहे. ठेंगूने ते अंतर माणसाच्या चालीने कापलं, पुढचं चाक टाकीच्या ओट्याला भिडलं, नळ मोडला आणि इंजिन दोन गचके देऊन बंद पडलं. आप्पा सीटवर होते तसेच राहिले. त्यांना कुठे लागलं नाही. मोडक्या नळातून पाण्याचा लोट सुरू झाला, आणि टाकी रिकामी होईपर्यंत तो कुणालाच थांबवता आला नाही, कारण नळामागे कॉक नव्हता. तो बसवायचं दोन वर्षं चाललं होतं.

तेव्हा अंगणात घरची पाचही माणसं होती. आई पायरीवर होती. मोजणी खात्यात नोकरी करणारा मधला मुलगा, ज्याला घरात दादा म्हणतात, तो आपल्या मोटारसायकलपाशी होता. धाकटा शहरात यंत्रांचे हायड्रॉलिक पाइप बनवून देतो. तीन दिवस खपून ठेंगूला हे पॉवर स्टीअरिंग त्यानेच बसवलं होतं, आणि या क्षणी तो चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात होता. मी आल्याशिवाय चालू करू नका, असं सांगून तो आत गेला होता. आप्पांनी ते ऐकलं होतं.

थोरली, म्हणजे ताई, ठेंगूच्या डाव्या अंगाला सहा पावलांवर उभी होती. बाकी सगळे चाकाकडे बघत होते. ती आप्पांच्या पायाकडे बघत होती.

आप्पांचे हात बरोबर वागले. चाक डावीकडे निघालं तसं आप्पांनी स्टीअरिंग आणखी उजवीकडे ओढलं, आणि चाक आणखी डावीकडे गेलं. ते कुणाच्याही हातून झालं असतं. पण असं काही झालं की डावा पाय आपोआप क्लचवर जातो, आणि आप्पांचा पाय तर चौतीस वर्षं जात आला होता. आज तो पाय ठेवायच्या फळीवर होता तसाच राहिला. ताईने मनात चार मोजले. फवारणीत ती एका झाडाला चार सेकंद देते, त्यामुळे तिचे चार हे खरोखरचे चार असतात.

मग टाकी आली.

ठेंगू हे नाव आजोबांनी दिलेलं. ट्रॅक्टर त्यांनी जुनाच घेतला होता, तोही मुद्दाम बुटका, कारण लिंबाच्या ओळी त्यांनी नऊ फुटांवर लावल्या होत्या आणि त्या फांद्यांखालून दुसरं काही जात नव्हतं. अजूनही जात नाही. स्टीअरिंग मात्र असं जड की उभ्या जागी वळवायला दोन्ही दंड लागावेत. एकोणीस महिन्यांपूर्वी दगडावर चाक उसळलं, स्टीअरिंगने उलटा झटका दिला आणि आप्पांच्या उजव्या खांद्यातली शीर तुटली. ताई दूरच्या कलमघरातली नोकरी सोडून दोन महिन्यांसाठी म्हणून आली, आणि तेव्हापासून ठेंगू तीच चालवत होती. आता तिच्या मनगटाला पट्टा होता.

एका हाताने फिरेल असं स्टीअरिंग असेल तर खुशाल बसा, असं डॉक्टर बोलता बोलता म्हणून गेले होते. घराने ते औषधाच्या चिठ्ठीसारखं धरून ठेवलं. धाकट्याने पंप इंजिनाच्या पट्ट्यावर बसवला, स्टीअरिंगखालचं युनिट भंगारातल्या फोर्कलिफ्टचं मिळवलं, सिलिंडर नवा आणला आणि पाइप स्वतः बनवले. कलमघराच्या बाईंनी ताईसाठी पुन्हा एक जागा गेले तीन महिने रिकामी ठेवली होती. त्यांची शेवटची मुदत या रविवारी संध्याकाळी सहाची होती. आप्पा ठेंगू चालवू शकले तर ताई जाणार, नाहीतर राहणार. हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण दादा सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेआठला उगाच आला नव्हता.

“मी म्हणालो होतो,” दादा म्हणाला.

 पाणी त्याच्या बुटांपर्यंत आलं तेव्हा तो दोन पावलं मागे सरकला आणि पुढे म्हणाला की तीन दिवस घालवून तुम्ही जर उलटं चालणारं यंत्र बनवलं असेल तर त्यालाही काही हरकत नाही, फक्त मग आप्पांना उलटं बसवा.

“याच्या शहरात असंच चालत असेल,” आप्पा सीटवरूनच म्हणाले. त्यांचा आवाज स्थिर होता. त्यांनी ठेंगूच्या बॉनेटवरून हात फिरवला, जसा ते कुणाच्या तरी पाठीवरून फिरवतात.

धाकट्याने कप पायरीवर ठेवला, चिखलात उताणा पडला आणि पुढच्या आसाखाली सरकला. एक मिनिट तो नुसता बघत होता. सिलिंडर आसावर आडवा बसवलेला, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक पाइप, आणि प्रत्येक पाइपला तारेने बांधलेली पत्र्याची चिठ्ठी. काल तो वरच्या अंगाला पाइप जोडत होता आणि आप्पा खाली स्टुलावर बसून चिठ्ठ्या लिहीत होते. हा उजवा, असं त्याने वरून सांगितलं होतं. आता त्याच्या डोळ्यांसमोर आप्पांच्या अक्षरात खिळ्याने कोरलेलं होतं: रस्ता. दुसऱ्यावर: विहीर.

त्याने डोळे मिटले.

या घरात ठेंगूला उजवं-डावं नाही. ट्रॅक्टर मागे घेताना समोर उभं राहून हात करणाऱ्याचं उजवं आणि सीटवर बसलेल्याचं उजवं उलटं पडतं, त्यावरून आजोबांची आणि त्यांच्या भावाची एकदा हातघाई झाली होती. त्या दिवसापासून उजवं ते रस्त्याकडचं आणि डावं ते विहिरीकडचं, कारण ठेंगू शेडमध्ये नाक आत घालून उभा राहायचा तेव्हा उजव्या हाताला रस्ता आणि डाव्या हाताला विहीर असायची. पुढे तो बागेत कुठल्याही दिशेला तोंड करून असला तरी उजवं चाक रस्त्याकडचंच राहिलं. घरातली मुलं हे बोलायला शिकण्याआधी शिकली.

गुरुवारी मात्र धाकट्याला पुढच्या अंगाला उजेड हवा होता, म्हणून त्याने ठेंगू उलटा आत घातला होता. नाक दाराकडे. रस्ता डाव्या हाताला आला. शनिवारी संध्याकाळी आसाखाली पडून त्याने ‘रस्ता’ वाचलं, मान वळवून रस्ता कुठे आहे ते बघितलं आणि पाइप त्या टोकाला जोडला. सिलिंडरची पिन लेथवरून यायची होती, त्यामुळे तेलातली हवा काढताना सिलिंडर चाकांना जोडलेलाच नव्हता. पिन आज सकाळी दादाने आणली. ती घातली आणि धाकटा चहा प्यायला गेला.

तो बाहेर सरकला आणि चिठ्ठी तारेसकट हातात घेऊन बसला.

“आप्पा, हे तुम्ही लिहिलंत?”

“मीच. तू म्हणालास उजवा.”

“रस्ता तर तिकडे आहे.”

आप्पांनी रस्त्याकडे बघितलं, मग ठेंगूकडे. मग लहानपणी विचारायचे त्याच सुरात विचारलं, “रस्त्याकडचं चाक म्हणजे कुठलं?”

धाकटा अडतीस वर्षांचा आहे. बारा वर्षं त्याचं स्वतःचं दुकान आहे. “उजवं,” तो म्हणाला.

“मग?”

“दोघांचंही बरोबर आहे,” ताई मध्ये पडली.

“दोघांचंही बरोबर असून नळ मोडला,” दादा म्हणाला, आणि आई हसली. तिच्यापाठोपाठ धाकटाही हसला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आप्पा खाली उतरले. उतरताना त्यांनी डावा पाय आधी जमिनीवर ठेवला आणि तो नीट टेकला आहे ना हे बघितलं. हे फक्त ताईला दिसलं, कारण ती अजून तिथेच बघत होती.

काम सोपं होतं. दोन पाइप सोडायचे, टोकं बदलायची, सांडलेलं तेल भरायचं आणि हवा पुन्हा काढायची. या वेळी सगळं चाकांना जोडून करायचं होतं. जेवणाआधी होईल असं धाकट्याने सांगितलं. दोरी लावून त्यांनी ठेंगू मागे शेडमध्ये ओढला.

धाकट्याला मदतीला ताई येईल असं वाटलं होतं. आला दादा. पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, पांढऱ्या शर्टावर आईचा जुना ॲप्रन. दिवा मी धरतो म्हणाला. पहिला पाइप सुटला. मग दादाने विषय काढला की शेजारचा रोपवाटिकावाला बाग चालवायला घ्यायला तयार आहे, पण त्याला ओळी पंधरा फुटांवर हव्यात. म्हणजे सगळं उपटून नव्याने. दादाने जमिनीचा नकाशा आणला होता. तो मोटारसायकलच्या पेटीत होता, आणि अजून तिथेच होता.

“काढलास का नाही मग?” धाकट्याने विचारलं.

“नळ मोडला तेव्हा काढणार होतो. बरं दिसलं नसतं.”

साडेअकराच्या सुमाराला आप्पा शेडच्या दारात आले. उन्हाकडे पाठ होती म्हणून त्यांचा चेहरा दिसत नव्हता. ते म्हणाले की पाइपांचं झालं की क्लचही बघून घे. सैल झालाय. सकाळी मी दाबला तर सुटला नाही.

“दाबला होतात?”

“मग काय नुसता बसलो होतो?”

ते गेले. धाकट्याने पाइप पुरे केले, मग क्लचकडे वळला. पेडलला बोटभर ढिलाई असावी लागते. बोटभरच होती. तार ताठ होती, बिजागरीला ग्रीस होतं. त्याने इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला, ठेंगू हातभर पुढे जाऊ दिला आणि क्लच दाबला. ठेंगू जागच्या जागी थांबला. त्याने हे पाच वेळा केलं. सहाव्या वेळी करण्यात अर्थ नव्हता. ताईने ही तार गेल्या महिन्यात बदलली होती, आणि ताईचं काम तपासायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

तो खाली उतरला, पाना घेतला, नट अर्धा आटा पुढे फिरवला आणि तेवढाच मागे आणला.

दादा दिवा धरून उभा होता. आयुष्यभर त्याने लोकांच्या बांधांमधली वीत वीत मोजली आहे.

“अर्धा पुढे, अर्धा मागे,” तो म्हणाला. “म्हणजे केलंस काय?”

“दिवा खाली घे.”

“सैल नव्हता?”

धाकट्याने पाना चिंधीने पुसला, मग मूठ पुसली, मग पुन्हा पाना. “थोडा होता,” तो म्हणाला.

एरवी दादाने हे सोडलं नसतं. गेले सहा महिने तो सांगत होता की आप्पांना सीटवर बसवू नका, आणि आता पुरावा त्याच्याच दिव्याच्या उजेडात होता. पण तो उजेड पुढेही जात होता. आप्पा सीटवर नाहीत आणि ताई गेली, तर चाळीस मिनिटांच्या अंतरावर राहणारा एकच मुलगा उरतो, तो स्वतः. ताई राहिली, तर एकोणीस महिन्यांची वीस वर्षं होतील आणि त्याला प्रत्येक वेळी तिच्या मनगटाकडे बघावं लागेल. त्याने दिवा बंद केला. दोघं भाऊ जुन्या भांडणावरून तीन वर्षं धड बोलत नव्हते. त्या दिवशी ते एकाच बादलीत हात धुऊन जेवायला आले.

जेवताना आप्पांनी क्लचचं विचारलं. थोडा सैल होता, धाकटा म्हणाला. तरी मला वाटलंच, आप्पा म्हणाले, आणि भाजी आणखी घेतली. ताईने धाकट्याकडे बघितलं. धाकटा पाणी पीत होता. बराच वेळ पीत होता.

दुपारी आई भांडी पुसत होती आणि ताई ती फळीवर लावत होती. आईला थोरलीच्या हालचालींवरून सगळं कळतं. ताट आवाज न करता ठेवलं जात असेल तर पोरगी काहीतरी धरून बसली आहे. त्या दिवशी एकाही ताटाचा आवाज झाला नाही.

आईने बाईंना फोन केलास का असं विचारलं. संध्याकाळी करते, ताई म्हणाली. आता कर, आई म्हणाली, संध्याकाळची वाट कशाला बघायची, स्टीअरिंग काय, चालेलच.

“पाय हलला नाही, आई.”

आईने हातातलं पातेलं पुसून पुरं केलं.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

मागच्या महिन्यात दूध उतू जात होतं आणि आप्पा गॅसपाशी उभे होते, हात बटणावर ठेवून. आई धावत आली तेव्हा बंद केलाय मी, असं ते म्हणाले होते. केला नव्हता. ते खोटं बोलत नव्हते, हे आईने दोनदा सांगितलं. त्यांच्या लेखी तो बंद झालेला होता. असं तीन वेळा झालं. डॉक्टरांना सांगितलंस का, असं ताईने विचारलं. डॉक्टर खांद्याचे आहेत, आई म्हणाली.

मग तिने स्टूल ओढलं आणि गुडघे धरून बसली. तिचं म्हणणं असं होतं की तू जा. मी सकाळ-संध्याकाळ त्यांच्या बाजूने चालत जाईन. ओळीत ठेंगू कितीसा पळतो. मी ओरडले की ते ऐकतात. ठेंगू काढून घेतला तर ते घरात बसून माझ्यावरच ट्रॅक्टर चालवतील, आणि माझ्यात आता तेवढं तेल नाही.

“तुझे गुडघे?”

“गुडघे माझे आहेत. ते तुझ्या नोकरीत धरू नकोस.”

“आणि पलीकडे विहीर आहे.”

“कठडा आहे विहिरीला.”

“गुडघाभर.”

 आईने भांड्यांच्या फळीकडे बघितलं. एक वाटी उपडी ठेवायची राहिली होती. ती उठली, उपडी केली आणि परत येऊन बसली. तिला या पोरीने जावं असं खरोखर वाटत होतं. नवऱ्याने सीटवर बसावं असंही खरोखर वाटत होतं. दोन्ही एकाच दिवशी कसं मागावं हे तिला कळत नव्हतं, आणि दुपारी दोन वाजता ती इतकी दमलेली होती की कळून घ्यायचीही तिची तयारी नव्हती.

आप्पा खोलीत पडले होते, पण झोपले नव्हते. ते खाटेच्या कडेला उठून बसले आणि डावा पाय फरशीवर दाबून बघितला. दाबला गेला. पुन्हा दाबला, पुन्हा गेला. त्यांनी दहा वेळा केलं, आणि दहाही वेळा पाय सांगितल्याबरोबर गेला. सकाळी पेडलचं रबर तळव्याला लागलं होतं, ते त्यांना स्पष्ट आठवत होतं. रबराच्या मधोमध एक चीर आहे, तीसुद्धा. म्हणजे दाबला होता. धाकटा म्हणाला, सैल होता. आणि धाकटा, रस्ता-विहीर विसरला असेल, पण पाना हातात असताना चुकत नाही.

एवढं ठरल्यावर त्यांनी पाय अकराव्यांदा दाबून बघितला. मग चपला घातल्या आणि उगाच थोडा वेळ तसेच बसून राहिले.

पाच वाजता सगळे पुन्हा अंगणात आले. चिखल वाळून भेगाळला होता. धाकट्याने आधी उभ्या जागी स्टीअरिंग फिरवून दाखवलं. उजवीकडे फिरवलं की उजवीकडे, डावीकडे फिरवलं की डावीकडे. पुढच्या दोन्ही चाकांवर त्याने खडूने रस्ता आणि विहीर लिहिलं होतं, तेही बरोबर. स्टीअरिंगवर बसवलेल्या लाकडी मुठीला त्याने एक बोट लावलं आणि चाकं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. आई म्हणाली, अगं बाई, हे तर शिवणयंत्रापेक्षा हलकं आहे. दादाने स्वतः फिरवून बघितलं, मग आणखी एकदा बघितलं. काम चांगलं झालंय, असं तो म्हणाला. धाकट्याने बारा वर्षांत त्याच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं, आणि आज ते त्याला नको होतं.

आप्पा सीटवर चढले. ताई डाव्या अंगाने जवळ गेली, हात मडगार्डवर ठेवला. तिला हे सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं, पण सगळे तिथेच होते.

“आप्पा, सकाळी तुमचा पाय हलला नव्हता.”

“क्लच सैल होता.”

“क्लचचं नाही म्हणत मी. पाय फळीवर होता. मी बघत होते.”

“तू लांब होतीस.”

“सहा पावलांवर होते.”

आप्पांनी समोर बघितलं. त्यांचा डावा हात मुठीवर होता, उजवा मांडीवर, जिथे तो गेले एकोणीस महिने असतो. “धाकट्याला विचार,” ते म्हणाले. “त्याने उघडून बघितलाय.”

ताईने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने दादाकडे. दादा बुटावरचा वाळलेला चिखल दुसऱ्या बुटाने काढत होता.

“अर्धा आटा,” धाकटा म्हणाला. “सैल होता, ताई.”

ती तार गेल्या महिन्यात ताईने स्वतः ताणली होती. हे धाकट्याला माहीत होतं आणि त्याला माहीत आहे हे तिला माहीत होतं. तिने आईकडे बघितलं. आई म्हणाली, उशीर होतोय, ऊन आहे तोवर फिरवून आणा.

घरात चार माणसं एका बाजूला आणि ती एकटी दुसऱ्या बाजूला, असं याआधीही झालं होतं. पण तेव्हा ते चौघं तिला थांबवायला उभे असत. आज चौघं तिला पाठवायला उभे होते, आणि त्यांच्या विरुद्ध बोलायचं तर तिला स्वतःच्याच विरुद्ध बोलावं लागणार होतं. तिने मडगार्डवरचा हात काढला.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “प्रत्येक ओळीच्या टोकाशी थांबवायचा. पूर्ण थांबवायचा, मग वळवायचा. मी बाजूने चालते.”

“चाल,” आप्पा म्हणाले. “तुला चालायला कोण नको म्हणतंय.”

ठेंगूला एका ओळीला तीन मिनिटं लागतात. विषम ओळी विहिरीच्या बाजूला संपतात, सम ओळी घराच्या बाजूला. आप्पांनी एका हाताने पहिल्या ओळीत घातला, आणि फांद्या चुकवायला त्यांना जरासुद्धा वाकावं लागलं नाही. नुसत्या मनगटाने ठेंगू वळत होता. टोकाशी पाय गेला. इंजिनाचा आवाज खाली आला, ठेंगू थांबला. मग वळला. दुसऱ्या ओळीच्या टोकाशी पुन्हा थांबला. आप्पांच्या चेहऱ्यावर काय होतं ते ताईला सांगता आलं नसतं, कारण तिने तो बघितलाच नाही. तिने फक्त डावा पाय बघितला. तिसऱ्या ओळीत, विहिरीच्या बाजूला, ठेंगू शेवटच्या झाडापुढे दोन पावलं जाऊन थांबला. तिथून कठडा सहा पावलं होता. उशीर पायाला झाला की त्यांनी मुद्दाम पुढे घेतला हे विचारायला ती तोंड उघडणार, तोच आप्पा म्हणाले, “इथे वळायला जागा बरी आहे.” आणि वळले.

चौथी ओळ घराकडे संपली. तिथे ठेंगू वेळेवर थांबला. आई, दादा आणि धाकटा ओळीने उभे होते. आप्पांनी इंजिन चालूच ठेवलं.

“किती वाजले?” त्यांनी विचारलं.

दादाने घड्याळ बघितलं. पाच वाजून पन्नास.

“त्या बाई सहापर्यंतच थांबणार ना? मग तू माझ्यामागे काय चालतेस,” ते ताईला म्हणाले. “फोन कर. एवढ्या आवाजात तुला ऐकू यायचं नाही, इथे थांबून कर. मी एक फेरी मारून येतो.”

तिने धाकट्याकडे बघितलं. मी जातो बाजूने, तो म्हणाला आणि निघाला, पण आप्पांनी हात करून त्याला परत फिरवलं. रस्ता कुठे ते आधी पाठ कर, म्हणाले. दादा हसला, आई हसली. धाकटा ओळीच्या तोंडाशी थांबला. आप्पांनी गिअर टाकला आणि एका बोटाने ठेंगू पाचव्या ओळीत वळवला. दहा झाडं गेल्यावर फांद्यांच्या मागे सीट दिसेनाशी झाली. मागे आवाज आणि थोडा धूर राहिला.

ताईने खिशातून फोन काढला, मनगटाचा पट्टा सैल केला आणि नंबर लावला. घंटा बराच वेळ वाजली. ती बागेकडे तोंड करून उभी होती आणि ओठ न हलवता ओळीची तीन मिनिटं मोजत होती. धाकटा चार-पाच पावलं ओळीत शिरला होता. आईने दादाचा दंड धरला होता.

पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी पलीकडून फोन उचलला गेला. बाई म्हणाल्या, “बोला.” पाचव्या ओळीच्या विहिरीकडच्या टोकाकडून इंजिनाचा आवाज येत होता, आणि तो अजून खाली आला नव्हता.